चंद्राच्या कडेचा समुद्र

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत चंद्र उलटा टांगलेला असे.

म्हणजे चंद्राचा नकाशा. जुना, छापील, घड्यांवर फाटलेला आणि चिकटपट्टीनं जागोजाग सांधलेला. शेजारी मानवी पचनसंस्था आणि मूलद्रव्यांचा तक्ता शहाण्यासारखे सरळ लटकत. चंद्र तेवढा शीर्षासनात. मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून रत्नागिरीत नवी नवी आले, तेव्हा पहिल्याच दिवशी नव्या सुनेच्या उत्साहानं स्टुलावर चढून तो सरळ केला. दुसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा उलटा. मी पुन्हा सरळ केला. तिसऱ्या दिवशी चंद्र उलटा होताच, शिवाय स्टूलही जागेवर नव्हतं.

"मामा, स्टूल कुठं गेलं?"

"आत ठेवलंय, बाई. तुमी सारख्या चढता. पडाल एखाद दिवशी."

"आणि हा नकाशा उलटा का?"

"उलटा नाय तो. दुर्बिणीत असाच दिसतो."

मी सांगलीची. आमच्याकडे असं उत्तर मिळालं की पुढचं वाक्य आवाज चढवूनच येतं. माझंही आलं. मामांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि परीक्षानळ्या धुवायला निघून गेले. नकाशा उलटाच राहिला. पुढं फक्त एका माणसाला तो सरळ करायची मुभा होती, आमच्या मुख्याध्यापकांना, आणि तीही वर्षातून एकदा. शाळेची तपासणी असली की आदल्या दिवशी सर स्वतः येऊन चंद्र सरळ करत, "साहेबांना काय वाटेल!" असं पुटपुटत. तपासणी अधिकाऱ्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की मामा तो परत फिरवून ठेवत.

मामा हे आमच्या शाळेचे प्रयोगशाळा परिचर. शाळेतल्या परिचरांना आणि शिपायांना सगळीकडे मामाच म्हणतात, पण मुलं यांना चांदोमामा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि मामा ओ देत. माणूस देवरूखच्या बाजूच्या एका खेड्यातला. उंच, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. दहावीला गणितात राहिले ते राहिलेच. शर्टाच्या खिशात पेन नसे. जुन्या धोतराचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा असे, भिंग पुसायला.

दुर्बीण त्यांनी आणि माझ्या आधीच्या कुणा विज्ञानशिक्षकांनी मिळून शाळेतच केली होती. आरशाची काच घासायची म्हणजे ती पिंपावर बसवतात आणि पिंपाभोवती फिरत फिरत दुसऱ्या काचेनं घासत राहतात. सहा महिने दोघं शाळा सुटल्यावर पिंपाभोवती फिरत होते. "चंद्र पृथ्वीभोवती फिरला नसंल इतका मी त्या पिंपाभोवती फिरलोय," असं मामा म्हणत. नळी म्हणून पाण्याचा जाड प्लास्टिकचा पाइप. ते शिक्षक पुढं बदलून गेले आणि दुर्बीण मामांची झाली. कागदोपत्री शाळेची, पण तिला हात लावायचा तर मामांना विचारून.

माझी आणि मामांची खरी ओळख माझ्या फजितीतून झाली. आठवीच्या वर्गात मी ठणकावून सांगत होते, "चंद्र स्वतःभोवती फिरत नाही, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते." मी रसायनशास्त्राची पदवीधर, चंद्राशी माझा संबंध कोजागरीच्या दुधापुरता. मामा मागं चंचुपात्रं मांडत होते. ते खाकरले. मी दुर्लक्ष केलं. ते पुन्हा खाकरले.

"काय झालं, मामा?"

"काय नाय. जरा मैदानात येता? पोरांना पन आणा."

मैदानाच्या मधोमध त्यांनी पाण्याची बादली ठेवली. आमचं मैदान टेकाडावर आहे. तिथून पश्चिमेला भाट्याच्या बाजूची समुद्राची पट्टी दिसते. मामा मला म्हणाले, "देवळात जाता ना, बाई? तशी बादलीला प्रदक्षिणा घाला. उजवा हात देवाकडं."

चाळीस पोरांसमोर मी, नवी शिक्षिका, बादलीला प्रदक्षिणा घालू लागले. मामा फक्त एकच प्रश्न विचारत होते.

"समुद्र कुठं आला?"

"समोर."

चार पावलांनी पुन्हा. "आता?"

"डावीकडे."

"आता?"

"पाठीमागे."

"आता?"

"उजवीकडे. बादलीच्या पलीकडे. अहो मामा, हे काय चाललंय?"

"आणि आता?"

"परत समोर!"

"म्हंजे चारी दिशांना तोंड करून आलात. मग सोताभोवती फिरलात का नाय?"

मी थांबले.

"आनि बादलीनं तुमचा डावा हात बघितला काय?"

नव्हता बघितला. पोरं हसत होती, माझे कान तापले होते, आणि तरी आत कुठंतरी एक कडी खळ्ळकन उघडली होती. चंद्र फिरतो. पृथ्वीभोवती एक फेरी मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात स्वतःभोवतीही एकदा फिरतो, म्हणून आपल्या वाट्याला नेहमी त्याचा तोच चेहरा येतो. पंधरा वर्षं शिकून जे मला कळलं नव्हतं ते एका बादलीनं कळलं. तासाला परत आल्यावर मी फळ्यावरचं वाक्य पुसलं आणि मुलांना सांगितलं की मी चुकीचं शिकवलं होतं. मामा मागं चंचुपात्रंच मांडत होते. वर बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी त्यांना स्टुलावरून काही बोलले नाही.

दुसरी फजिती प्रयोगवह्यांची. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की वह्या पुऱ्या करायची घाई असते, आणि बहुतेक शाळांत होतं तेच मी केलं. निरीक्षणं फळ्यावर लिहून दिली. 'वायू रंगहीन. वास उग्र. ओला लिटमस लाल.' मुलं खाली माना घालून उतरवत होती. मामा आले, ओल्या फडक्यानं सगळा फळा पुसला.

"मामा!"

"प्रयोग कुठं झालाय अजून? मग निरीक्षण कुठनं आलं?"

शनिवार-रविवार प्रयोगशाळा उघडी ठेवून त्यांनी प्रत्येक मुलाला तो वायू तयार करायला लावला, हुंगायला लावला. तीन पोरं खोकून बेजार झाली, एकीनं वहीत लिहिलं, 'वास मला आला नाही, सर्दी आहे.' मामांनी ती वही मला आणून दाखवली. एवढे खूश मी त्यांना क्वचित पाहिलंय. "दिसलं ते दिसलं, नाय ते नाय," हे त्यांचं पालुपद होतं. भाजी घेताना, रजेचा अर्ज लिहिताना, मुलांची भांडणं सोडवतानाही तेच.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा मामींनी मला ओसरीवरचा एक कोपरा दाखवला. घराच्या जोत्याचा तो कोपरा बोटभर वाकडा आहे. तिथं ठेवलेला हंडा डुगडुगतो.

"हे ह्यांचं काम," मामी म्हणाल्या. "अवसेच्या दिवशी पयला चिरा बसवायचा म्हनं. गवंडी नाय म्हनाला. मग हे त्याला सांगाय लागले, अवस हितली, चंद्राच्या पलीकडच्या अंगाला आज पुनव हाय, तिकडचा मुहूर्त धर."

"मग गवंडी काय म्हणाला?"

"म्हनाला, मग घर पन तिकडंच बांधा! आनि गेला निघून. चिरा ह्यांनीच बसवला. बघा कसा बसवलाय."

मामा शेजारी बसून फणसाचे गरे सोलत होते. "चिरा वाकडा हाय, मान्य," ते म्हणाले, "पन पुनव खरीच होती."

खरीच होती. आपल्याला अवसेला चंद्र दिसत नाही, कारण तेव्हा सूर्य त्याच्या पलीकडच्या बाजूवर असतो. ती बाजू काळोखी नाहीच. तिथंही आपल्यासारखंच ऊन पडतं, फक्त ते बघायला आपण तिथं नसतो. 'चंद्राची काळोखी बाजू' हे शब्द ऐकले की या गरीब गाईसारख्या माणसाच्या अंगात काहीतरी संचारत असे. आपलं यान चंद्रावर उतरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सरांनी भाषण केलं. छान केलं, पण ओघात म्हणून गेले, "आता चंद्राच्या त्या काळ्याकुट्ट बाजूवरही आपण पोहोचू." शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला. विद्यार्थ्यासारखा, सरळ, कोपरात न वाकवता.

"सर, तिकडं पन ऊन पडतं."

"मामा, बसा खाली."

"बसतो, सर. पन ऊन पडतं."

सहाशे मुलं हसली. सरांनाही शेवटी हसावंच लागलं.

आता त्या समुद्राबद्दल सांगते, कारण मामांचं सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबत होतं.

चंद्र आपल्याकडे एकच बाजू ठेवतो हे खरं, पण तो अगदी ताठ उभा नसतो. जोखडाखालचा बैल जसा मान थोडी इकडं थोडी तिकडं करतो, तसा चंद्र डुलतो. त्या डुलण्यात कधी या कडेची, कधी त्या कडेची पलीकडची पट्टी किंचित आपल्याकडे वळते. म्हणून शंभरातले पन्नास नव्हे, तर एकोणसाठ भाग आपल्याला आलटून पालटून दिसतात. एका कडेला, बरोबर हद्दीवर, एक प्रचंड मोठा गोल खळगा आहे, एकात एक कडी असल्यासारखा, मध्ये काळ्या दगडाचा समुद्र. पाण्याचा नव्हे; चंद्रावरच्या काळ्या सपाट भागांना समुद्र म्हणतात. त्याचं नाव पूर्वेचा समुद्र, आणि तो आहे पश्चिम कडेला. नाव ठेवलं तेव्हा ती पूर्वच होती. नंतर शास्त्रज्ञांनी चंद्राच्या दिशा बदलल्या. "मान्सांनी दिशा बदलल्या, चंद्राला कुनी इचारलं नाय," असं मामा म्हणत.

हा समुद्र मामांना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. बाकी त्यांनी चंद्र कोळून प्यायला होता. दक्षिणेकडच्या पांढऱ्या रेषांच्या विवराला ते 'फोडलेला नारळ' म्हणत, आणि पश्चिम कडेजवळच्या काळ्या लंबगोल डागाला 'जेटी'. जेटीपासून कडेकडेनं गेलं की हा समुद्र. पण तो दिसायला चंद्र त्या बाजूला पुरता डुललेला हवा, त्याच वेळी त्या कडेवर ऊन हवं, म्हणजे कृष्णपक्ष हवा, म्हणजे चंद्र पहाटेचा. वर्षातून असे चार-सहा दिवस मिळतात. त्यांतले काही पावसाळा खातो. उरलेल्यांत कधी धुकं, कधी ढग, कधी निवडणुकीसाठी पहाटे शाळा उघडून द्यायची असते. एकदा सगळं जमून आलं होतं, तर दुर्बिणीच्या तोंडावर कावळा येऊन बसला आणि आरसा घाण करून गेला. अकरा वर्षं हा माणूस त्या पहाटा कॅलेंडरवर खुणा करून प्रयोगशाळेवरच्या गच्चीवर जात होता आणि वहीत लिहीत होता, 'दिसला नाही.'

"तोंड धुवायच्या आधी चंद्राचं तोंड," मामी म्हणत.

मला त्यांची दया आली. मी मोबाइलवर त्या समुद्राचा यानानं समोरून काढलेला फोटो शोधला. स्वच्छ, गोल, कडी न् कडी मोजावी असा. "हा घ्या तुमचा समुद्र, मामा. बोटांनी मोठा करून बघा." मामांनी हात पुसले, मोबाइल घेतला आणि बराच वेळ बघत राहिले.

"सुंदर हाय," मोबाइल परत देत ते म्हणाले.

"मग झालं ना आता?"

"घरात आईचा फोटो हाय माझ्या. म्हनून काय ती भेटली?"

मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. त्यानंतरच्या कृष्णपक्षात पहिल्यांदा मी पहाटे गच्चीवर गेले. दुर्बिणीत डोळा लावला, आणि कोजागरीच्या वाटीतला चंद्र कायमचा सुटला. डोंगर, खड्डे, डोंगरांच्या सावल्या. आणि सगळं उलटं, खालचं वर, डावीकडचं उजवीकडे, प्रयोगशाळेतल्या नकाशासारखं. मामा मागं उभे राहून एकेक जागा दाखवत होते, पाहुण्याला आपली वाडी दाखवावी तसे.

मग एके दिवशी मामांच्या हातून चंबू फुटला. शाळेत कुणी विश्वास ठेवला नाही, कारण मामांच्या हातून काही फुटतच नसे. आठवड्यात दुसरा फुटला. मग ते दाराच्या चौकटीला खांद्यानं धडकले. मी त्यांना अक्षरशः दटावून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढं गेलेला. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधानं जमेल तेवढं टिकवायचं, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर बसल्यावर मामा म्हणाले, "कडेचं दिसत नाय मला, बाई. बरेच दिवस झाले. मधलं दिसतं अजून." मग चष्मा पुसत म्हणाले, "दुर्बिणीला मधलंच लागतं."

तो हिवाळा शेवटचा होता हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, मामींना माहीत होतं. त्या हिवाळ्यात कामाच्या पहाटा तीनच होत्या. पहिली ढगांत गेली. दुसरी धुक्यात, आंब्याचा मोहोर जाणार म्हणून गाव धुक्याला शिव्या देत होतं, आम्ही आमच्या कारणासाठी देत होतो. तिसरी पहाट स्वच्छ उजाडली. आकाश धुऊन ठेवल्यासारखं. मामांनी दुर्बीण लावली, डोळा लावला, आणि इतका वेळ वाकून राहिले की मला त्यांच्या पाठीची काळजी वाटू लागली. अखेर ते बाजूला झाले.

"मला नुसता उजेड दिसतोय कडेला. तुमी बगा."

मी बघितलं. चंद्राची उजळ कड, हवेनं थरथरणारी. जेटी दिसली. तिच्या पुढं काही रेघ आहे की नाही, मला काहीच ठरवता येईना. मी खूप बघितलं. मागं मामा उभे होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. अकरा वर्षं आणि ही शेवटची पहाट. मला ते सहन झालं नाही.

"दिसला, मामा," मी म्हणाले. "दिसला! जेटीच्या खाली. काळी रेघ, मग पांढरी, मग परत काळी."

मी वळून बघितलं. मामांच्या चेहऱ्यावर आनंद आलेला होता, खरंच आलेला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो हळूहळू उतरत गेला.

"जेटीच्या खाली?"

"हो."

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "आज तपासणी हाय. सरांनी कालच नकाशा सरळ केला असंल."

केला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी मी प्रयोगशाळेत उभी राहून त्याच नकाशावरून समुद्राची जागा पाठ केली होती. सरळ नकाशात तो जेटीच्या खाली येतो. दुर्बिणीत तो वर दिसायला हवा. जो कुणी खरंच बघेल तो 'वर' म्हणेल.

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुर्बिणीला झाकण लावलं, नळी पुसली आणि जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये डबा उघडला नाही. आधी मला वाटत होतं की आपला अपमान झाला. दुपारपर्यंत कळलं की अपमान त्यांचा झाला होता, आणि तो मी केला होता. एका माणसाची साऱ्या आयुष्याची एक इच्छा, आणि मी तिच्या जागी फळ्यावरचं निरीक्षण उतरवून दिलं होतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. ओसरीवरच म्हणाले, "मामा, मी खोटं बोलले."

"ठाव हाय."

"तुमच्यासाठी बोलले."

"माझ्यासाठी खरं बोलायचं होतंत." एवढंच म्हणाले. मामींनी चहा आणला, तो मी रडत रडत प्यायले. मला रडताना बघून मामी नवऱ्यावरच घसरल्या, "एवढीशी गोष्ट, पोरीला रडवताव कशाला?" पण मामांनी शब्द मागं घेतला नाही, आणि घ्यायला नको होता.

पुढचे काही महिने माझी परीक्षाच होती. "बाई, बाहेर ऊन हाय?" असं विचारत. मी "आहे" म्हटलं की, "कुठपर्यंत आलंय?" उंबऱ्यापर्यंत की पायरीपर्यंत ते सांगावं लागे. मी काही म्हणाले की मागं एक प्रश्न ठरलेला. त्यांना मुद्दाम छळायचं नव्हतं. पण दुधानं एकदा तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी चिडले नाही. सांगलीची असून चिडले नाही.

मे महिन्यात मामा निवृत्त झाले. सत्काराला सरांनी शाल दिली, नारळ दिला आणि गच्चीची किल्ली दिली. "ही परत द्यायची नाही," म्हणाले. मामांचे डोळे तोवर एवढे उतरले होते की शालीचा रंग त्यांनी मला विचारला. पावसाळा संपल्यावर मी एकटीच पहाटे गच्चीवर जाऊ लागले. समुद्राच्या पहाटा असोत नसोत, चंद्र असेल तेव्हा. कागदावर चंद्राची कड काढायची, दिसलं तेवढंच काढायचं. सुरुवातीची चित्रं पापडासारखी. मग हळूहळू डोळा बसला; थरथरणाऱ्या हवेत मध्येच एक क्षण सगळं स्थिर होतं, त्या क्षणाची वाट बघायची असते, हे कळलं. कामाची पहाट असली की मामी मामांना हाताला धरून जिना चढवत. ते खुर्चीवर दुर्बिणीशेजारी बसत. मी बघत असे आणि सांगत असे, "नाही, मामा." "नाही." "जेटी दिसते, पुढं नाही." ते मान डोलावत. त्या 'नाही'वर त्यांनी कधी प्रश्न विचारला नाही. पण सुटकाही झालेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. 'नाही' कुणालाही म्हणता येतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी उजाडता उजाडता मी डोळा लावला. चंद्र डोक्यावर होता, अर्धा. डोंगराकडून गार वारा येत होता आणि मग तो पडला. हवा ठरली. कड स्थिर झाली.

जेटीच्या वर, अगदी काठावर, एक बारीक काळी रेघ होती. तिच्याबाहेर उजळ डोंगरांची ओळ, कडेवर किंचित उंचवटे देणारी. त्या ओळीच्याही पलीकडे आणखी एक काळी रेघ, केसाएवढी. मग वारा आला, सगळं पाण्यातल्यासारखं हललं. मी डोळा काढला नाही. पुन्हा ठरलं. पुन्हा दिसलं. मी तीनदा बघितलं. चौथ्यांदा बघितलं. मग सरळ उभी राहिले. मला आनंदापेक्षा भीती वाटत होती. आता मी जो शब्द बोलणार होते, तोच मी एकदा खोटा बोलले होते.

"मामा," मी म्हणाले, "दिसला."

मामी कठड्याशी उभ्या होत्या, त्या वळल्या. मामा खुर्चीत तसेच. मी वाट बघत राहिले. वर की खाली? किती रेघा? कुठली जाड, कुठली बारीक? मी उत्तरं तयार ठेवली होती, आणि या खेपेला ती नकाशातली नव्हती. मामांनी चष्मा काढला. खिशातलं ते मऊ फडकं काढलं, आणि भिंग नाही, डोळे पुसले.

कुठं आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. ते म्हणाले, "कसा हाय?"

मी पुन्हा दुर्बिणीत डोळा लावला आणि सांगू लागले. काळा म्हणजे कसला काळा, तर पावसाळ्यात काळ्या पडलेल्या ओल्या चिऱ्यासारखा. डोंगर कुठं तुटलेत, कुठं सलग आहेत. जवळची रेघ मध्ये कशी जाड होते. पलीकडची वारा आला की कशी पुसली जाते आणि परत येते. मामा डोळे मिटून ऐकत होते. मामी येऊन त्यांच्या पायाशी खालीच बसल्या होत्या. ऊन वर आलं. खाली पोरांचा गलका सुरू झाला, घंटा झाली. सरांनी मैदानातून वर बघितलं, काय समजायचं ते समजले आणि माझ्या वर्गाकडे स्वतः गेले. चंद्र उजेडात विरत चालला होता. रेघा गेल्या, मग डोंगरांची ओळ गेली. सांगण्यासारखं आता फार उरलं नव्हतं. मी थांबले.

"गेला?" मामांनी विचारलं.

"समुद्र गेला. चंद्र आहे अजून. फिकट झालाय."

"मग थांबता कशाला?" ते म्हणाले. "दिसतोय तवर सांगा."